सासरच्या मांजरी

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देईल तेवढाच, उरलेला तू मनाने धरून घे). इकडे सगळं उत्तम आहे. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचं ब्लडप्रेशर आणि आवाज, दोन्ही चढले होते, त्यांतलं निदान एक तरी उतरलं असेल अशी आशा करते. तुझ्या मागच्या खोलीत राहणाऱ्या त्या दोन मांजरी न सांगता निघून गेल्या आणि तू अजून दाराशी दुधाची वाटी ठेवतेस, हे फोनवर ऐकून वाईट वाटलं. पण मांजराची जातच तशी. त्यांच्यासाठी एवढा जीव टाकू नये. आता घरात फोन असताना पत्र कशाला, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. "जमतंय ना?" असं विचारतेस, आणि मी तोंड उघडायच्या आत "नसेल जमत तर सरळ निघून ये, मागच्या खोलीत तुझी खाट तशीच ठेवली आहे," असं सांगून फोन ठेवतेस.

तर ताई, जमतंय. चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बोहल्यावर चढलेल्या बाईला सगळं जग हेच विचारतं, त्यामुळे मला राग नाही. पण जिने उभी हयात लोकांना मोटार शिकवली, आणि ज्यांना कुणीच शिकवायला तयार नव्हतं त्या आपल्या भावजींनासुद्धा रिव्हर्स घ्यायला लावलं, तिला संसार काय जड आहे? दोन्हींत क्लच हळू सोडायचा असतो, एवढंच. आमच्या ह्यांना ('हे' हा शब्द अजून जिभेवर नवा आहे, उच्चारताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरू केल्यासारखा धक्का बसतो) तू लग्नात पाहिलंसच. घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून दिवसभर टेबलावर वाकलेले असतात, आणि बोलतात इतकं कमी की समोरच्याला वाटावं, शब्दांनाही सुटे भाग लागतात आणि ते बाजारात मिळत नाहीत. माणूस मात्र सचोटीचा. कुणी घड्याळ दुकानात विसरून गेलं तर दुकान बंद करून, पत्ता शोधत, चालत नेऊन देतात. परक्याची वस्तू घरात राहिली की त्यांना जेवण जात नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

तू म्हणाली होतीस, सासू नाही, नणंद नाही, सुटलीस. ताई, तू माझ्याहून मोठी आहेस म्हणून स्पष्ट बोलत नाही, पण तू साफ चुकलीस. दोघीही आहेत. लग्नाच्या दिवशी टेम्पो दाराशी लागला, हमाल माझं सामान आत टाकून गेले, आणि दिवे लागल्यावर मी झोपायच्या खोलीत पाऊल टाकलं तर नव्या कोऱ्या पलंगावर दोन मांजरी. एक थोरली, अंगाने भरलेली, चेहऱ्यावर 'हीच का ती' असा भाव. दुसरी सडपातळ, तिच्या आडून बघणारी. हे माझ्या मागून आले, मांजरींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "असू देत, असू देत." मीही म्हणाले, "असू देत की." आमच्या सहजीवनातला हा पहिला संवाद. मला वाटलं, इतकी वर्षं एकट्याने काढलेला विधुर माणूस, ह्या दोघींच्याच सोबतीवर जगला असणार. मी त्याच क्षणी थोरलीला मनात सासूबाई म्हटलं आणि धाकटीला वन्सं.

मांजर आडवं गेलं की काम बिघडतं म्हणतात. आमच्याकडे ते आडवं झोपायचं. सासूबाई गादीच्या मधोमध, दोन गाड्यांची जागा अडवून लावलेल्या जीपसारख्या. वन्सं तिरक्या, माझ्या उशीवर शेपूट टाकून. हे खिडकीच्या कडेला, मी दाराच्या कडेला, आणि माझा एक पाय कायम पलंगाबाहेर, फुटबोर्डवर ठेवल्यासारखा. (जन्मभर मी लोकांना अरुंद जागेत गाडी लावायला शिकवलं, आणि माझ्याच गादीवर मला पार्किंग मिळेना.) कूस बदलायची तर आधी मागे बघावं लागे. एकदा न बघता वळले तर वन्संनी असा काही पंजा मारला की सकाळच्या बॅचला मी एका हाताने स्टिअरिंग शिकवलं, आणि तीच पद्धत योग्य असल्याचं विद्यार्थ्यांना पटवूनही दिलं. पण ताई, तक्रार? छे. पहिल्याच महिन्यात नव्या सुनेने सासरच्या माणसांना खोलीबाहेर काढलं, असं माझं नाव व्हायला नको होतं. तू मला तसं वळण लावलेलं नाहीस. उलट मी मान राखला. दुपारी हे दुकानात असले की सासूबाईंना मासे उकडून घालत होते. सासूचं मन जिंकायचा रस्ता पोटातून जातो, हे तुझंच वाक्य.

सासूबाईंचं मन जिंकलं की नाही कोण जाणे, पण पोट मात्र माझ्या हाताबाहेर गेलं. एके दिवशी त्या उठेनात. नुसत्या पडून, डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर कान हलवायच्या. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, आता ह्यांच्या जिवाभावाचं माणूस माझ्या राज्यात गेलं तर हा संसार संपला. सासूबाईंना कपड्यांच्या बादलीत बसवलं, शिकवायची गाडी काढली (त्यामुळे छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि वेग मात्र तसा नाही) आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे पोचलो. डॉक्टर तरुण, पण फार गंभीर. त्यांनी सासूबाईंचं पोट दाबलं, पुन्हा दाबलं, मग आमच्याकडे बघून म्हणाले, हिला काही झालेलं नाही, ही दोन घरचं जेवते आहे. मी मासे कबूल केले. तेव्हा खाली मान घालून ह्यांनीही कबूल केलं की मी सकाळच्या बॅचला गेले की तेही अंडं उकडून घालत होते. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, "मालक कोण?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

ताई, ब्रेक फेल झालेल्या गाडीतही मी इतकी गडबडले नव्हते. मग सगळं उलगडलं. ह्यांनी आयुष्यात कधी मांजर पाळलं नव्हतं. घड्याळवाल्याच्या घरात मांजर म्हणजे प्रत्येक घड्याळात एक केस. त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं की ह्या दोघी माझ्याबरोबर आल्या. बायको माहेरची माणसं घेऊन आली आहे, त्यांना बाहेर कसं काढायचं, तिला काय वाटेल, म्हणून हा भला माणूस रोज कडेवर झोपून पाठ धरून घेत होता. मी सासरची माणसं म्हणून झेलत होते, हे माहेरची म्हणून झेलत होते, आणि दोघी दोन्हीकडचा पाहुणचार घेऊन मधोमध झोपत होत्या. (थोरलीला ते मनात 'ताई' म्हणत. रागावू नकोस, त्यांनी तुला फक्त लग्नातच पाहिलं आहे, तेही जेवणाच्या वेळी.) डॉक्टरांनी केसपेपरवर 'दोघांची' असं लिहून टाकलं.

घरी येताना आम्ही दोघं इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. लग्नानंतर ह्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला ते फार आवडले, हे तुला सांगायला लाजत नाही. लगेच ठरवलं, आता भीड नाही. बाहेरच्या खोलीत टोपली, टोपलीत जुनी शाल, शालीवर दोघी, आणि आमच्या खोलीचं दार बंद. पलंग आमचा. मी मधोमध हातपाय पसरले. हेही पसरले. मग कळेना की पुढे काय. इतके दिवस दिवा मालवला की बोलायला विषय असायचा. थोरली सरकली का, दुसरीचा पाय मुडपलाय का, तुम्हाला पांघरूण पुरतंय का. आता ह्यांनी विचारलं, पंखा जास्त आहे का. मी म्हटलं, नाही. मग भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत राहिलं. दोन अनोळखी माणसं एकाच बाकावर बसून बसची वाट बघतात तसं वाटलं, आणि खरं सांगते, त्या घटकेला मला तुझी मागची खोली आठवली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. अंधारात कडीवर हात ठेवला तर तिथे आधीच एक हात होता. त्यांनाही तहानच लागली होती.

कडी आम्ही दोघांनी मिळून काढली. मानापमान मुरलेला असल्यामुळे दोघी लगेच आत आल्या नाहीत. मग हे दारात उभे राहून, त्यांच्या मानाने फार मोठ्याने म्हणाले, "सासूबाई, या आत, चुकलं आमचं." तेव्हा आल्या. आता मी शिस्त लावली आहे. पायथ्याची पट्टी त्यांची, वरची आमची, मध्ये पांघरुणाची घडी. शिस्त कोण किती पाळतं हा वेगळा भाग, पण नियम माझा आहे, आणि मी दिलेल्या नियमात आजवर कुणी नापास झालेलं नाही. भावजी सोडून. तेव्हा तू निर्धास्त राहा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, भावजींना आरसा बघून गाडी मागे घ्या म्हणावं.

तुझी, आता नीट झोपणारी,
धाकटी

ता. क. मांजरी आल्या कुठून, हा वाद घरात अजून चालू आहे. हे म्हणतात, माझ्या सामानातल्या गुंडाळलेल्या गादीतून आल्या. गादीच्या आत केस निघाले म्हणे. ती गादी लग्नापर्यंत तुझ्या मागच्या खोलीत होती हे खरं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. मी त्यांना ठाम सांगितलं की ताईच्या मांजरी मी चांगल्या ओळखते, त्या ह्या नव्हेत.

ता. क. दुसरा. तुझ्याकडे होते तेव्हा तुझ्या मांजरी मला बघताच पळायच्या, त्यामुळे मी त्यांना फक्त मागून बघितलेलं आहे. काल सासूबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि डावा कान मागून कातरलेला. असे ठिपके पुष्कळ मांजरींना असतात. कानाचं मला सांगता येत नाही.

ता. क. तिसरा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? हे रविवारी मांजरींच्या खुणा विचारायला तुला फोन करणार आहेत, आणि तू "ठिपका" असा शब्द काढलास की सोमवारी दुकान बंद करून, टोपली घेऊन, चालत तुझ्या दारात येतील. परक्याची वस्तू ते ठेवून घेणार नाहीत, आणि मग आम्ही दोघं परत पंख्यावर बोलत बसू. म्हणून तू त्यांना एवढंच सांग, 'माझ्या मांजरी सापडल्या, सुखरूप आहेत.' यात खोटं काही नाही. दाराशी वाटी ठेवायचं बंद कर. खाट मात्र काढू नकोस, फक्त परत यायला म्हणून ठेवू नकोस. तुझ्या त्या खोलीतून निघालेल्या तिघीही इथे नीट नांदतायत. सुट्टी मिळाली की माहेरपणाला येऊ.