जावयासाठी जाळीचा हेडफोन

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
अधिक ज्येष्ठ, गुरुवार

तीर्थस्वरूप धोंडप्पा अण्णा यांना,
धाकट्या शिवानंदाचे शरणु शरणार्थी.

आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे या उन्हात सोलापूरचा माणूस जेवढा खुशाल राहू शकतो तेवढे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? नागव्वा वहिनींचं पथ्यपाणी व्यवस्थित चाललंय ना? त्यांनी पाठवलेली शेंगाचटणी पोचली आणि संपलीसुद्धा (निम्मी मी दुकानात नेली होती, हे आमच्या मंडळींना, रुद्राणीला, कळवू नये). फोन खिशात असताना हा शहाणा पत्र कशाला लिहितोय, असं तुमच्या मनात येईल. पण अण्णा, आमच्या घरात सध्या फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. का, ते पुढे ओघानं येईलच. तुमच्या मैंदर्गीच्या दुकानदाराचा चादरींचा गठ्ठा उद्या निघतोय, त्याच्यासोबत हे पाकीट येईल.

रविवारी आपल्या सिद्धेश्वरीच्या नवऱ्याचा पहिला धोंडा आहे आणि तुम्ही येतो म्हणालात, तेव्हापासून माझा पाय जमिनीवर नाही. लग्न झाल्यापासून तुम्ही अभिमन्यूच्या शेजारी बसून एकदाही जेवला नाहीत. पोरीनं मंगळवेढ्याचा, आपल्या जातीबाहेरचा मुलगा स्वतः पसंत केला, हे तुम्हाला लागलं. मलाही लागलं होतं, पण मी बाप, माझा राग आठवडाभरात विरघळला. तुमचा अजून घट्ट आहे. सिद्धू तोंडानं काही बोलत नाही, पण रविवारच्या पंगतीत कोण कुठं बसणार हे ती रोज नव्यानं ठरवते, आणि रोज तुमचं पान अभिमन्यूच्या शेजारी मांडते. माझा सगळा जीव त्या पंगतीत अडकलाय. तेव्हा जावयाचं वाण असं निवडायचं की बघणाऱ्यानं म्हणावं, याला म्हणतात निवड, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

जावई काही सोन्याच्या अंगठीतला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, मामा, रोजच्या वापराचा, कुठंही नेता येईल असा एक चांगला हेडफोन द्या, बास. पुण्याच्या कंपनीत त्याचं काम दिवसभर कानावरच चालतं आणि त्याच्याकडे ती वस्तू टिकत नाही. बिनवायरची बोंडं घेतली, तर एक बोंड मंगळवेढ्याला त्याच्या वडिलांच्या ज्वारीत पडलं, ते अजून उगवायचंय. गळ्यातला पट्टा घेतला, तो घामानं गेला. मी म्हटलं, तू काळजीच करू नकोस. ज्या माणसाचं आयुष्य चादरी विकण्यात गेलं, त्याला टिकाऊ काय आणि दिखाऊ काय हे सांगावं लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी नवी पेठेत तौसिफच्या दुकानात जाऊन बसलो. (तौसिफ म्हणजे आपल्या इसूफभाईंचा मुलगा. इसूफभाई आपला माल टेम्पोतून पोचवायचे, तेच. पोरगं आता मोबाईलचं सामान विकतं आणि बापासारखंच चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.) त्यानं माझ्यापुढं डबे मांडले. डब्यावर काय काय लिहिलेलं होतं, पण मी डबा वाचून वस्तू घेणाऱ्यातला नाही. मी माझ्या रीतीनं गेलो. आधी तळहातावर घेऊन वजन पाहिलं. मग दोन्ही टोकं धरून, चादरीची किनार ताणतो तशी, हेडफोनची कमान ताणून पाहिली. एक कडाडली. तौसिफचं तोंड उतरलं, पण त्याला म्हटलं, बाबा रे, जी वस्तू दुकानात कडाडते ती घरात काय टिकणार. मग ओला रुमाल घासून रंग जातो का पाहिलं. दोघांचा गेला! काळ्या हेडफोनचा रंग जातो हे तौसिफलासुद्धा ठाऊक नव्हतं. मग घडी घालून, उलगडून, पुन्हा घडी घालून बिजागऱ्या तपासल्या, आणि एकावर जरा बसूनही पाहिलं (मुद्दाम नाही, तो स्टुलावर होता, पण परीक्षा ती परीक्षा). वायर दोन्ही टोकांना सुटी होणारी हवी, म्हणजे तुटली तर वायर बदलायची, हेडफोन नाही. कानाच्या गाद्याही सुट्या मिळायला हव्यात. चादरीचा काठ विरला म्हणून कोणी चादर टाकून देतं का? आणि वायरचाच घ्यायचा, कारण वायरवाली वस्तू ज्वारीत हरवत नाही आणि तिला रोज रात्री चार्जिंगचा घासही भरवावा लागत नाही.

आता आवाज. लोक काय करतात, एखादं धडधडीत गाणं लावतात आणि कानाला हादरा बसला की खूश होतात. माझ्या फोनमध्ये आपल्या मालाच्या कारखान्यातल्या यंत्रमागाचं चित्रण आहे. तेच लावलं. अण्णा, मागाचा आवाज ज्याला जन्मापासून पाठ आहे त्याला फसवणारा हेडफोन अजून बनायचाय. हलक्या मालात नुसताच खडखडाट येतो, पत्र्यावर शेंगा ओतल्यासारखा. पण एक हेडफोन असा निघाला की आडवा धागा नेणारा धोटा डाव्या कानातून निघाला तो डोक्यातून सरळ उजव्या कानात पोचला आणि परत आला. फणीचा ठोका वेगळा, पट्ट्याची कुरकुर वेगळी, मागं कोणीतरी खोकलं तेही वेगळं. मी डोळे मिटून बसलो तो तौसिफनं हलवलं तेव्हा उघडले. त्या हेडफोनला बाहेरून बारीक जाळी होती, आतून मऊ कापडाच्या गाद्या, आणि कानाला वारा लागत होता. बाकीच्या बंद डबीसारख्या हेडफोनांत सोलापूरच्या उन्हाळ्यात कान उकडून निघतील.

जाळी दिसल्यावर तर माझा निकालच झाला. कारण निघताना रुद्राणीनं बजावलं होतं की अधिकाचं वाण जाळीदारच हवं. अनारसे, बत्तासे, सगळं भोकाभोकांचं देतात, तिथं हा गुळगुळीत डबा ताटात ठेवला तर बायका काय म्हणतील? मी तिला म्हटलं होतं, हेडफोनला कसली जाळी आणायची, आणि इथं साक्षात जाळी! तौसिफ म्हणाला, “चच्चा, जाळीवाल्याचा आवाज बाहेर जातोय, बाजूच्याला बी ऐकू येतंय. विचार करा की.” मी म्हटलं, अरे, ज्याच्यात दम आहे त्याचाच आवाज बाहेर जाणार. तो आणखी काहीतरी सांगत होता, पण मी तोवर पाकिटाला हात घातला होता. (तौसिफवर माझा काही राग नाही. तो बरोबर बोलत होता, फक्त मी त्याच्यापेक्षा पुढचं पाहत होतो, हे तुम्हाला शेवटी पटेल.)

मुलं सोमवारीच आली. अभिमन्यू इथूनच कंपनीचं काम करतो. मंगळवारी त्याच्या जुन्या हेडफोनची वायर दाराच्या कडीत अडकून तुटली, तेव्हा मी नवा काढून दिला, म्हटलं वापरून बघ, रविवारी पुन्हा ताटात ठेवू. रुद्राणी म्हणाली, वापरलेलं वाण चालतं का? मी म्हटलं, जावई लग्न झालेला चालतो, तर हेडफोन वापरलेला का चालू नये? जावयाला हेडफोन इतका आवडला की जेवण सोडलं तर तो डोक्यावरून उतरेना. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायचा आणि अधूनमधून मान हलवायचा. आम्हाला वाटायचं, कंपनीची मीटिंग.

आता तुम्हाला आपल्या घरची रीत माहीतच आहे. पाहुण्याशी मराठी, आपसात कन्नड. पाहुण्यासमोर पाहुण्याबद्दल बोलायचं असेल तर हमखास कन्नड. त्यामुळं जावई घरात असूनही आमची काही अडचण नव्हती. तो किती भाकरी खातो, त्याच्या डोक्यावरचे केस कधीपासून मागं सरकायला लागले, त्याला कंपनी काय देते आणि त्यातलं उरतं काय, हे सगळं रुद्राणी आणि मी त्याच्या देखत, त्याच्याकडे बघून हसत हसत बोलत होतो. काल दुपारी जेवणं झाल्यावर असंच चाललं होतं. रुद्राणी म्हणाली, याची मान नंदीबैलासारखी हलते, साहेब काय विचारतो हे तरी याला कळतं का? मी म्हटलं, ते जाऊ दे, रविवारी अण्णा येतायत, ते मागच्या दिवाळीसारखं याला ‘होरगिनव’, बाहेरचा, म्हणाले नाहीत म्हणजे मिळवली.

इतक्यात लाईट गेली. पंखा थांबला, फ्रीज थांबला, घर एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत जावयाच्या डोक्यातून एका बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “नानु ऊटा माडिदे. मी जेवलो. नानु ऊटा माडिदे.” अण्णा, जावयाला मीटिंग नव्हती. जावई कन्नड शिकत होता! बाई पुढचं वाक्य सांगत होती, हा ओठांतल्या ओठांत म्हणत होता, आणि मान हलवत होता ती याच्यासाठी. आम्हाला ऐकू येतंय याची त्याला गंधवार्ता नाही, आणि इकडे रुद्राणीचा चेहरा पिठासारखा पांढरा. मी मन घट्ट केलं. त्याच्याजवळ गेलो, त्यानं हेडफोन उतरवल्यावर अगदी साधेपणानं आपल्या भाषेत विचारलं, चहा बेकेनु, हवा का? तो विचारात होता, उत्तर तोंडातून निसटलं: “अर्धा कप साकु, मावा.” अर्धा कप पुरे, मामा, आणि तेही कन्नडमध्ये!

रुद्राणी स्वयंपाकघरात गेली ती चहा घेऊन बाहेर आलीच नाही. चहा मी केला. मग बसून विचारलं, कधीपासून? तर म्हणे साखरपुड्यापासून. सिद्धूला विचारून विचारून सुरुवात केली, पण आपल्या पोरीचं कन्नड म्हणजे आनंदच, म्हणून फोनवरची शिकवणी लावली. किती कळतं? “थोडं थोडं,” म्हणाला, आणि ज्या तऱ्हेनं कपाकडे बघत बसला त्यावरून मी समजलो की सगळं कळतं. म्हणजे दिवाळीत तुमच्या ओट्यावर तुम्ही वहिनींना मोठ्यानं “होरगिनव बंद”, बाहेरचा आला, असं सांगितलंत आणि लगेच त्याच्याकडे वळून “या, बसा, प्रवास बरा झाला ना” म्हणालात, तेव्हा हा पोरगा दोन्ही वाक्यं समजून, हात जोडून उभा होता. मला काल रात्री जेवण गेलं नाही. रुद्राणीनं मात्र त्याच्या पानात न विचारता आणखी एक भाकरी वाढली, आणि ती वाढताना काहीच बोलली नाही, कोणत्याच भाषेत.

तरीही मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो की निवड माझी चुकली नाही. बंद डबीचा हेडफोन आणला असता तर तो आयुष्यभर ऐकत राहिला असता आणि आपण आयुष्यभर बोलत राहिलो असतो. माझ्या हेडफोनमुळं घरातली गोष्ट उजेडात आली. कमान अजून तशीच, वायर शाबूत, धोटा अजून डावीकडून उजवीकडे बरोबर जातो. तुमच्या नातवासाठी कधी घ्यायचा झाला तर मला कळवा, तौसिफच्या दुकानात मीच येईन (त्याला आधी सांगावं लागेल, म्हणजे तो नाजूक माल आत ठेवेल). वहिनींना शरणार्थी, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाऊ,
शिवानंद

ता. क. हेडफोनचं पुराण झालं, मूळ काम राहिलंच. अण्णा, पाया पडून विनंती आहे, रविवारी आमच्या घरात पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत कन्नडमध्ये एक अक्षर बोलू नका. वहिनींनाही सांगा. तुम्ही मोठे, तुम्हाला शिकवण्याची माझी लायकी नाही, पण तो शब्द त्याच्या कानावर पुन्हा पडला तर सिद्धूच्या पंगतीत मला घास गिळवणार नाही. मराठीत गोड बोला, जेवा, आशीर्वाद द्या. बाकी राग राहिलाच असेल तर तो मैंदर्गीला परत गेल्यावर काढा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी वरचा मजकूर अभिमन्यूला वाचून दाखवला, कारण आता त्याच्यापासून लपवून उपयोग काय. तो म्हणाला, “मामा, तेवढा ता. क. खोडा की. या घरात मराठी पाहुण्यांसाठी असते. तुम्ही एकमेकांवर चिडता ते कन्नडमध्ये, हसता ते कन्नडमध्ये. मोठे मामा रविवारी माझ्याशी मराठीत गोड बोलले तर मी पाहुणाच राहिलो. त्यांना म्हणावं, काय रागवायचं ते कन्नडमध्ये रागवा, पण माझ्याकडे बघून.” तेव्हा अण्णा, वरचा ता. क. रद्द समजावा. रविवारी लवकर या, त्याच्या शेजारी बसा, आणि जे काही बोलायचं असेल ते त्याच्या तोंडावर, आपल्या भाषेत बोला. तो उत्तर देईल. चुकत माकत देईल, पण देईल. त्याला दुरुस्त करायला घरातलंच मोठं माणूस लागतं.