सही: समुद्र

३ फेब्रुवारी, सोमवार

परत आली. सगळीच्या सगळी! चारशे बारा पत्रं, आम्ही बांधलेल्या सुतळीतच. वरचं एक वाचलं असेल, तेवढ्यात काम झालं. सोबत एका ओळीचं उत्तर — 'सदर आक्षेपांवर आक्षेपकाचे नाव व पत्ता नसल्याने ते विचारात घेता येत नाहीत.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. आधी तेच पाहिलं मी! चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, खोड जात नाही.

चूक माझी. निव्वळ माझी. कारखान्याच्या सांडपाण्याचा एक नळ समुद्रात सोडून दोन वर्षं झाली. आता दुसरा टाकायचाय, दुप्पट मोठा. त्यावर लोकांनी आक्षेप पाठवायचे होते. मजकूर मी लिहिला, घरोघर मी फिरले आणि खाली सहीच्या जागी मीच छापून टाकलं — 'आपला, समुद्र'. काय पण सुचलं! सगळ्यांना आवडलं. लोकांनी पत्र वाचलं, मान हलवली, पाकीट चिकटवून दिलं. आमच्या वकीलबाई तेव्हा परगावी. आणि ताई, माझी मोठी बहीण, अंथरुणावर. तिला दाखवलं असतं तर कागद माझ्या तोंडावर भिरकावला असता तिने. म्हणूनच दाखवलं नाही बहुतेक.

सरकारी कार्यालयातला कारकून गठ्ठे परत करताना म्हणाला, "बाई, हे समुद्र राहतात कुठे?" मी म्हटलं, "समोर." तो हसला. मागच्या टेबलावरचे दोघेही हसले. 

घरी आले तर ताई उशीला टेकून वाट बघत बसलेली.

"मान्य झाली पत्रं?"

"झाली."

"सगळी?"

"सगळी."

डोळे मिटून घेतले तिने. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कपाळावरची आठी गेली. आता हे मागे कसं घेऊ?

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्यातल्या प्लंबरच्या दुकानावरच्या खोलीत नळविरोधी समितीची बैठक. खाली पाइपांचे ढीग, वर आम्ही. जिना चढताना तो दरवेळी म्हणतो, "आयुष्यभर पाइप बसवले, आता एक अडवून दाखवतो!" आज नाही म्हणाला.

खिडकीजवळची खुर्ची समुद्राची. हा ताईने घालून दिलेला नियम. दर बैठकीला एकाची पाळी, आणि त्या खुर्चीत बसेल त्याने स्वतःचं गाऱ्हाणं सांगायचं नाही, समुद्र होऊन बोलायचं. 'मी' म्हणजे समुद्र. त्याआधी आमच्या बैठका म्हणजे नुसता कलकलाट — याची होडी, त्याचं दुकान, हिच्या भिंतीला ओल. खुर्ची आली आणि लोक एकमेकांचं ऐकायला लागले. समुद्र पुल्लिंगी, तेव्हा बायकांनीही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणायचं, अशी ताईची सक्त ताकीद. शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं हिने, पण व्याकरणाची छडी कायम हातात! वकीलबाई पहिल्यांदा "मी परवा फार खवळलो होतो" म्हणाल्या तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती.

आज पाळी माझी होती. बसले नाही. कुठल्या तोंडाने बसू? मला कुणी काही बोललंही नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वाट काढली ती वकीलबाईंनीच. पत्रांची मुदत संपली. पण ज्याच्याकडे समुद्राच्या स्वतः ठेवलेल्या नोंदी आहेत अशा कुणालाही चौदा तारखेपर्यंत नावानिशी आक्षेप घेता येतो.

"ताईंच्या वह्या!" प्लंबर ओरडलाच.

एकतीस वर्षं. वर्षाला एक वही. ताई रोज सकाळी धक्क्याच्या टोकाला जायची, गाठी मारलेल्या दोरीने पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि कितव्या गाठीला ती दिसेनाशी होते ते लिहायची. पाणी जितकं स्वच्छ तितक्या गाठी जास्त. चार महिन्यांपूर्वी अंथरूण धरलं तोवर एक दिवस चुकला नाही. कंपनीचं म्हणणं एकच आहे — पहिल्या नळाने पाण्याचं काही बिघडलं नाही, बिघडलं असेल तर पुरावा दाखवा. आमच्या डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. पण आकडे फक्त ताईकडे.

"सही त्यांची लागेल. म्हणजे सगळं सांगावं लागेल त्यांना," वकीलबाई म्हणाल्या. "मावशी, तुम्ही सांगाल ना?"

"सांगते."

५ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

६ फेब्रुवारी

आज सांगणारच होते. पण चार घास जास्त जेवली. म्हटलं, राहू दे. उद्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले. दाराबाहेर मला म्हणाले, "आता महिन्यांच्या गोष्टी नकोत." मग कशाच्या करायच्या?

आत आले तर ताई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "थकलो गं मी." थकलो! म्हणजे खुर्चीतली भाषा. मला हसू आलं. "पाळी माझी होती, तू का बसलीस?" म्हटलं. तीही हसली, पण दम लागला. मग हळूच विचारलं तिने, "मला किती दिवस आहेत, धाकटे?"

यात -लो नाही, -ले नाही. समुद्र विचारतोय की माझी बहीण, कळेना मला. 

"भरपूर," म्हणाले.

८ फेब्रुवारी

प्लंबरचा दोनदा फोन. "मावशी, झालं का बोलणं?" मी उगाचच वसकले त्याच्यावर. "मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून बघा एकदा, मग विचारा!"  मग म्हणाला, "घरातला नळ गळतोय म्हणाला होतात, उद्या येऊन बघतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

ताई आज "थकले" म्हणाली.

थकले. स्वतःचं.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. प्लंबर नळ दुरुस्त करायला आलेला, हे माझ्या लक्षातच नाही! पाना हातात घेऊन बिचारा कोपऱ्यात उभा.  नळ नीट केला, ओटा पुसून घेतला आणि निघून गेला.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. वेणी घालायला, पाढे पाठ करून घ्यायला, कान पिळायला हीच. हिच्याशी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. बोललं तरी पचायचं नाही, लगेच ओळखायची. आता ओळखत नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगायचं नाही, असं ठरवून टाकलं. आक्षेप मात्र घ्यायचा. तिला शांतपणे जाऊ दे आणि समुद्रही वाचू दे. दोन्ही जमेल. का नाही जमणार?

ताईचा डोळा लागल्यावर बाहेरच्या खोलीतल्या कपाटातून एकतीस वह्या काढल्या. वकीलबाईंना दोन दिवसांत एवढं वाचणं शक्य नाही. म्हटलं, तपासते मी. निदान हे तरी मला येतं! दिवसभर बसले. तारखा सलग आहेत का, पान गळलंय का, अक्षर कुठे लागत नाही का. प्रूफ बघताना अर्थात शिरायचं नाही, शिरलं की चूक निसटते — कामावरच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आम्हाला. एक तारीख चुकलेली नाही. जुन्या वह्यांत पानोपानी खाऱ्या पाण्याचे डाग, शाई फुटलेली, खाडाखोड. शेवटच्या दोन मात्र बघत राहाव्या इतक्या नेटक्या! म्हातारपणी अक्षर सुधारलं म्हणायचं हिचं. कौतुक वाटलं.

संध्याकाळी वकीलबाईंनी विचारलं, "नीट तपासल्यात ना?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहायलाही लाज वाटते. पण इथे नाही तर कुठे लिहू?

आक्षेपाचा कागद ताईसमोर धरला. चष्मा दिला नाही. "कशाची सही?" "पेन्शनची. हयातीचा दाखला मागितलाय बँकेने पुन्हा." "आहे म्हणावं अजून," म्हणाली आणि सही केली. पूर्ण नाव, वळणदार, शाळेच्या हजेरीपटावर करायची तशी. शेवटची रेघही सरळ ओढली.

साक्षीदार म्हणून ताईला बघायला येणाऱ्या नर्सबाईंनी सही केली. त्यांनी कागद वाचला होता. एकदा माझ्याकडे बघितलं आणि औषध मोजायला लागल्या. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिला! एक दिवस आधी! प्लंबरने वह्यांची खोकी खांद्यावरून तीन मजले चढवली, त्याची कंबर कशी धरली नाही देव जाणे. तोच कारकून. "आता नाव-पत्ता आहे हं," म्हणाला, आणि धाडधाड शिक्के मारले. एकतीस वह्या, एकतीस शिक्के. तो आवाज ऐकून जिवात जीव आला.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईंनी मला मिठी मारली. "तेवीस वर्षं वकिली करतेय, मावशी. एवढा पुरावा कुणी माझ्या हातात दिला नव्हता." होडीवाले काका कधी बोलत नाहीत, तेही म्हणाले, "ताईंनी राखलं आपल्याला." प्लंबरने सगळ्यांना चहा पाजला. मी दोन कप प्यायले. 

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

आज चेहरा बराच टवटवीत होता. केस विंचरून देत होते. ती म्हणाली, "तू हल्ली माझ्या डोळ्यांत बघत नाहीस." संपलं! कंगवा हातात तसाच, आणि मी भडाभडा बोलत सुटले. पत्रं, 'आपला, समुद्र', चारशे बारा, सुतळी, कारकून.

मला वाटलं, आता तोंडसुख घेईल. तर ती हसायलाच लागली! "'राहतात कुठे' म्हणाला? आणि तू 'समोर' म्हणालीस?" खोकला येईपर्यंत हसली. पाणी पाजलं. माझा हात धरून म्हणाली, "वेडाबाई. एवढं दहा दिवस पोटात घेऊन फिरलीस? मला सांगायचं होतंस." मी लहानपणीसारखं तिच्या कुशीत तोंड खुपसलं. किती हलकं वाटलं! वाटलं, हे आधीच का नाही केलं?

मग बाकीचंही सांगितलं. मोठ्या हौसेने सांगितलं! की अजून काही हातचं गेलेलं नाही, तुझ्या नावाने आक्षेप दिलाय, ती सही पेन्शनची नव्हती, मला माफ कर, पण वह्या सगळ्या शिक्का मारून जमा झाल्यात.

माझ्या केसांतला तिचा हात थांबला.

"कुठल्या वह्या?"

"तुझ्या. एकतीसही."

"शेवटच्या दोन पण?"

"त्याच तर महत्त्वाच्या, ताई! नळ आल्यानंतरच्या."

तिने हात काढून घेतला. "परत आणता येतील?" मी म्हटलं, आता कशा आणता येतील, पुरावा आहे तो, आणि कशाला आणायच्या? तिने भिंतीकडे तोंड केलं. "झोपू दे मला."

सहीसाठी फसवलं ते लागलं असणार तिला. लागणारच. उद्या पुन्हा पाय धरीन.

१६ फेब्रुवारी

ताई बोलत नाही. औषध घेतलं नाही. दोनदा विचारलं, "रागावलीस?" मान हलवून नाही म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी स्वतःच हाक मारली. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.

शेवटच्या दोन वह्या खोट्या आहेत. धक्क्यावर रोज जायची, थाळीही सोडायची. नळ आल्यापासून सातव्या गाठीला दिसेनाशी होणारी थाळी चौथ्या गाठीलाच दिसेनाशी व्हायला लागली, मग दुसऱ्या. "लिहवेना गं मला. घरी येऊन बसायचे, आधीच्या वर्षाची वही पुढ्यात घ्यायचे आणि त्यातलेच चांगले आकडे उतरवून काढायचे. वाटायचं, उद्या सुधारेल. सुधारलं की खरं लिहीन."

दुपारी वकीलबाईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना. कंपनीचा ताईच्या वह्यांना काही आक्षेप नाही. एकतीसच्या एकतीस त्यांना मान्य आहेत.