मेरिटन सोडून हाल्व्हर धरण्याबाबत

दिनांक : १७ एप्रिल

प्रति,
मा. श्री. ड्वेन प्रुएट,
संचालक, कनिष्ठ पिस्तूल लीग,
टॅलो कौंटी नेमबाजी संघटना,
हॉबर्ट बेंड, अर्कान्सा.

विषय : चालू हंगामात नोंदवलेले पिस्तूल बदलून मिळण्याबाबत, तसेच मार्चच्या सामन्यातील माझा निकाल रद्द होण्याबाबत.

संदर्भ : १) लीगची नियमावली, 'कारखानी गट'.
२) मार्चच्या सामन्यातील माझा तिसरा क्रमांक.
३) त्या सामन्यानंतर आपण माझ्या पाठीवर मारलेली थाप.

महोदय,

मी खाली सही करणारी टेसा रे स्वॉफर्ड, हॉबर्ट बेंड हायस्कूल, इयत्ता दहावी, आपल्या लीगची सभासद, पुढील मजकूर शुद्धीवर राहून, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मॉमा म्हणते की अर्ज एका पानात बसवावा. बसला नाही, त्याबद्दल क्षमस्व.

१. लीगमध्ये माझी नोंद मेरिटन पिस्तुलावर आहे. ही नोंद मी केली असे म्हणणे बरोबर होणार नाही. मेरिटनचा कारखाना आमच्याच गावात असल्याने ती आपोआप होते. पाण्याच्या टाकीवर मेरिटन, शाळेच्या फुटबॉलच्या गुणफलकावर मेरिटन, आणि चर्चमध्ये अर्ध्या बाकांवर मेरिटनच्या हिरव्या टोप्या काढून ठेवलेल्या. माझे वडील श्री. रॅन्डल स्वॉफर्ड (आपण त्यांना रँडी म्हणता आणि रविवारी दुपारी त्यांच्याच होडीत बसून मासे धरता) मेरिटनच्या साचेविभागात कामाला आहेत. पॉलिमरची मूठ साच्यातून गरम गरम बाहेर पडते, ती पहिल्यांदा त्यांच्या हातात येते. कडेचा राहिलेला पापुद्रा ते छाटतात, जोडाच्या रेघेवरून अंगठा फिरवतात आणि मगच ती पुढे जाते. माझ्या प्रत्येक सामन्याला ते नेमबाजांच्या रेषेमागे उभे असतात आणि शेजारी कोणीही असो, अगदी दुसऱ्या कौंटीतला असो, त्याला सांगतात, "पोरगी माझी. मूठपण माझीच."

२. अडचण अशी आहे की ती मूठ माझ्या हाताला मोठी पडते. बोटाचे जेमतेम टोक चापाला लागते, आणि चाप ओढला की पिस्तूल डावीकडे ढकलले जाते. मुठीच्या मागे बसवायची, खोक्यात मिळते ती सर्वांत बारीक पाठपट्टी लावून पाहिली. फरक पडला नाही. डॅडींचे म्हणणे, "हात कच्चा आहे, दुसरं काही नाही. चेंडू दाब." मी चेंडू दाबला. शाळेच्या बसमध्ये दाबला, जेवताना दाबला. गेल्या वर्षी मी जवळजवळ प्रत्येक सामन्यात शेवटची आले. एकदा शेवटून दुसरी आले, पण त्या दिवशी एक मुलगा आलाच नव्हता.

३. जानेवारीत आमच्या प्रशिक्षिका श्रीमती ऑर्लीन लेडबेटर यांनी त्यांचे स्वतःचे, हाल्व्हर या दुसऱ्या कंपनीचे पिस्तूल माझ्यापुढे ठेवले. त्यांचे शब्द : "घे गं, नुसतं धरून बघ. धरल्याने कोणी बाटत नाही." मी धरले. महोदय, बोट जाऊन चापावर असे बसले की जणू तिथेच राहायला होते! पहिल्या लक्ष्यपटावरची सगळी भोके लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली झाकली गेली असती. मी ओरडले. रेंजवर ओरडू नये हा नियम मला माहीत आहे, आणि त्याबद्दल वेगळी क्षमा मागते. पण त्या दिवसापासून मी वर्गात हात वर करू लागले, गायनवृंदात पुढच्या रांगेत उभी राहिले, आणि शाळेच्या कॅफेटेरियात ज्या टेबलावर बसायची माझी हिंमत नव्हती तिथे ताट घेऊन जाऊन बसले. माझी मैत्रीण ब्रिएल तिथेच सगळ्यांसमोर म्हणाली, "हिचं घर चालतं मेरिटनवर आणि हात चालतो हाल्व्हरवर!" सगळे हसले. मीही हसले. घरी जाईपर्यंत मात्र तोंड उतरले होते.

४. पिस्तूल बदलावे की नाही याचा विचार मी उथळपणे केलेला नाही. मेरिटनचा चाप मऊ आहे. चिखलात पडले तरी ते चालते, आजवर एकदाही अडकलेले नाही, आणि आमच्या चमूत सगळ्यांचे तेच असल्याने गोळ्यांचे मॅगझिन संपले तर शेजारचा देतो. हाल्व्हरचा वरचा भाग मागे खेचायला जड आहे, माझ्या अंगठ्याची साल दोनदा निघाली. त्याची मॅगझिने महाग आहेत. ते उघडून पुसायला बसले की आख्खी दुपार जाते. सारांश, पिस्तूल म्हणून मेरिटनच सरस आहे, हे मी लिहून द्यायला तयार आहे. फक्त ते माझ्या हातात नको. एवढे एक वाक्य मला घरी बोलता आले असते तर पुढची कलमे लिहावी लागली नसती.

५. मी हाल्व्हर धरते हे डॅडींना माहीत नव्हते. "लायब्ररीत थांबते" असे मी सांगत असे. त्यांना एवढेच दिसत होते की पोरगी रेंजवर मेरिटन घेऊन उभी राहिली की गोळ्या डावीकडे जातात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आपल्याला त्यांनी मासे धरायला येत नाही म्हणून कळवले होते, ते आपल्याला आठवत असेल. त्या दुपारी ते गॅरेजमध्ये होते. त्यांनी माझ्या पिस्तुलाची मूठ शिकंज्यात धरली, पाठ कानशीने उतरवली, मग पॉलिश पेपर फिरवला, आणि मग तापवलेल्या टोच्याने बारीक ठिपके एकेक करून परत पाडले, म्हणजे पकड कारखान्यातून आल्यासारखीच खरबरीत राहावी. मला बोलावून हातात दिली. बोट चापावर गेले. अगदी हाल्व्हरइतके नाही, पण गेले. डॅडींच्या भुवयांवर काळी भुकटी बसली होती. ते म्हणाले, "चूक हाताची नव्हती गं. मीच तुला उगाच बोलत राहिलो." मग विचारले, "असं घासलेलं चालतं ना? नियमात बसतं ना तुमच्या?"

कारखानी गटात पिस्तूल कारखान्यातून आले तसेच लागते, कानस लागलेली चालत नाही, हे नियमावलीत ठळक अक्षरांत आहे. नियमांच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण होते.

मी म्हटले, "हो, बसतं."

६. मार्चच्या सामन्यात आपल्या तपासनिसांनी माझे पिस्तूल तोलले, चाप ओढून पाहिला, मूठ उलटसुलट केली आणि म्हणाले, "छान ठेवलंयस." डॅडींचे काम इतके सुबक असते. मी तिसरी आले. मेडल गळ्यात घालताना आपण पाठीवर थाप मारली, ती मला अजून लागते. मेडल डॅडींनी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये नेले. तिथे श्री. बिल टॅकेट म्हणाले, "रँडी, पोरगी कॉलेजात घालवू नकोस, लाइनवर घे!" डॅडी म्हणाले, "तुझ्या पोराचंही आण. रविवारी घासून देतो."

महोदय, अर्ज आत्ता करण्याचे कारण हे आहे. टॅकेटांचा मुलगा याच गटात आहे. त्याचे पिस्तूल आमच्या गॅरेजमध्ये येऊन पडले आहे. उद्या ते तपासणीत सापडले तर लोक माझ्याबद्दल बोलणार नाहीत, कारण मला कोण ओळखते? लोक म्हणतील, रँडी स्वॉफर्ड मुलांची पिस्तुले चोरून घासून देतो. एकवीस वर्षे त्या माणसाने पापुद्रा राहिलेली एक मूठ पुढे जाऊ दिली नाही. आणि त्याला कशाची कल्पनाच नाही, कारण त्याने विचारले होते आणि मी सांगितले होते.

७. सबब माझ्या मागण्या अशा :

(अ) मार्चचा माझा निकाल रद्द करावा. जो मुलगा चौथा आला त्याला तिसरा करावे.

(ब) उरलेल्या हंगामासाठी मला हाल्व्हर वापरू द्यावे. परवानगी नाकारल्यास मी न घासलेले मेरिटन घेऊन शेवटची येईन, माझी तक्रार नसेल.

(क) शिक्षा करायची ती मला एकटीला करावी.

(ड) हाल्व्हरवरच्या नावावर काळी पट्टी चिकटवू द्यावी. ध्वनिक्षेपकावर पिस्तुलाचे नाव न घेता "स्पर्धकाचे साधन" म्हणावे. मला अगदी पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात, मातीच्या ढिगाऱ्याआड उभे करावे, तिथे रेषेमागून काही दिसत नाही. आणि डॅडींना होडीत सांगावे की लीगने चिठ्ठ्या टाकून एका मुलीला पिस्तूल बदलायला लावले आणि चिठ्ठी नेमकी टेसाची निघाली. आपण ते सहज सांगाल. मासा केवढा होता हे आपण कसे सांगता ते मी ऐकले आहे.

(इ) मी अल्पवयीन असल्याने अर्जावर पालकाची सही लागते, ती अट माझ्यापुरती शिथिल करावी. अथवा माझ्या आईची सही चालवून घ्यावी.

८. कलम (इ) लिहून झाल्यावर मी अर्ज मॉमाकडे नेला. ती बिस्किटांचे पीठ मळत होती. पिठाचे हात मागे धरून तिने ओट्यावर ठेवलेला कागद वाचला, मान वाकडी करून, शेवटपर्यंत. म्हणाली, "मी सही करणार नाही. कानस ज्याने धरली त्याची घे." मी म्हटले, "मॉमा, त्यांना केवढं वाईट वाटेल!" ती म्हणाली, "वाटेलच. आणि तू तिथंच उभी राहायचंस. वरच्या खोलीत पळायचं नाही." मी म्हटले, "मग निदान तू सोबत चल." म्हणाली, "मी हो म्हटलं होतं का त्यांना?" आणि परत मळायला लागली.

मी आपल्याला सांगू इच्छिते की गेल्या तीन महिन्यांत मी पुष्कळ धीट झाले होते. भर वर्गात सरांची बेरीज चुकली तर सांगत होते. ती धिटाई नुसती मोठ्या आवाजाची होती असे आता वाटते. गॅरेजचे दार स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर आहे आणि मी अर्धा तास इथे बसून कलमांना क्रमांक घालत आहे.

९. कलम ७ मधील (ड) व (इ) या मागण्या मी मागे घेते. नाव झाकायचे नाही. डॅडींना आपण काही सांगायचे नाही. हा कागद मी आत्ता त्यांच्याकडे घेऊन जात आहे, कारण शिकंजा आवळल्याचा आवाज आला, आणि त्यात टॅकेटांचे पिस्तूल आहे.

याउपर आपण जो निर्णय द्याल तो मला मान्य राहील.

आपली नम्र, आणि सध्या मान वर न होणारी,
टेसा रे स्वॉफर्ड

सोबत :
१) मार्चच्या सामन्याचे मेडल. (कारखान्यात डॅडींच्या लॉकरवर आहे. सोमवारी मिळेल.)
२) घासलेली मूठ, पाहणीसाठी.
३) श्रीमती लेडबेटर यांचे हाल्व्हर उसने देण्याबाबतचे संमतिपत्र.

पालकाची सही व शेरा :

ड्वेन, वाचलं. टॅकेटचं पिस्तूल तसंच परत दिलं, बिलला कारणही सांगितलं. पोरीला तू काही बोलू नकोस, बोलायचं ते मी बोललोय आणि ती उभी राहिली. आज लेडबेटरबाईंकडे जाऊन ते हाल्व्हर हातात घेतलं. जोडावरून अंगठा फिरवला, रेघ लागत नाही. कोणी केली माहीत नाही, पण मूठ चांगली केलीय. बदलायला माझी हरकत नाही.

रॅन्डल स्वॉफर्ड
साचेविभाग, मेरिटन