ग्रॅज्युअँड

अण्णा, आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. काल नातीने विचारलं, "आजी, निकाल लागला म्हणजे मी ग्रॅज्युएट झाले ना?" मला चटकन हो म्हणता आलं नाही. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

चिंचवडच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला आहात, आई भाकऱ्या थापते आहे. तुम्ही मला समजावता, "परीक्षा पास झाला, पण पदवीदान व्हायचंय, तो ग्रॅज्युअँड. पदवी मिळाली की ग्रॅज्युएट." आई मान वर न करता म्हणते, "म्हणजे साखरपुडा झालेली मुलगी." तुम्ही हसता. "तसंच. मी साखरपुड्यावरच राहिलो." चळवळीच्या दिवसांत काका तुरुंगात होते आणि पदवी गव्हर्नरच्या हातून घ्यायची होती. तुम्ही गेला नाहीत. पुढे स्वराज्य आलं, तरी पदवीसाठी अर्ज करायचा राहूनच गेला. तुम्ही शिकवत होतात त्या शाळेत कुणी कधी विचारलंही नाही.

मग पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहू लागला. बाहेरगावची कुटुंबं आली, वर्गात मुलं मावेनात, आणि संस्थेने शाळा मॅट्रिकपर्यंत न्यायचं ठरवलं. तुम्ही हेडमास्तर होतात. मान्यता देण्याआधी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर तुमचं जेवण कमी झालं. त्या सकाळी संस्थेचे अध्यक्ष अंगणात आले. पागोटं काढून ओट्यावर ठेवलं, चहाला नको म्हणाले.

"मास्तर, सायेब इचारंल, हेडमास्तर ग्रॅज्युएट हाय का. व्हय म्हणायचं, सुटलं."

"पण मी नाही."

"पास हाय ना तुमी? मग? एका शब्दापायी पोरांची मॅट्रिक घालवता का?"

तुम्ही पागोटं उचलून त्यांच्या हातात दिलं. ते निघाले. जाताना एकदा वळून आपल्या घराकडे पाहिलं, ते मला आवडलं नाही.

ऑफिस आणि आमचा वर्ग यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत. तुमच्या जागी शिकवायला आलेल्या बाईंनीही बोलणं थांबवलं होतं. साहेबांचा आवाज येतो, "आपण ग्रॅज्युएट आहात?" माळावर सुरुंग उडतो, फळ्या थरथरतात. मग तुमचा आवाज, वर्गात असतो तसाच. "नाही साहेब. ग्रॅज्युअँड."

साहेब आधी हसले. "या वयात?"

"हो. या वयात."

त्या वर्षी मान्यता आली नाही. थोरल्या मुलांचं वर्ष गेलं, काहींची शाळा कायमची सुटली. त्यांचे बाप संध्याकाळी आपल्या फाटकाशी येऊन उभे राहत. शिवी नाही, बोलणं नाही. अंधार पडला की निघून जात. आईने कंदील बाहेर टांगायचं बंद केलं. शाळेतही माझ्या बाकावर कुणी बसेना.

संस्थेने तुम्हाला चाकणकडच्या एका लहान शाळेत पाठवलं. शनिवारी तुम्ही घरी यायचात, तेव्हा फाटकाच्याही आधी तुमचा खोकला ऐकू यायचा. दर शनिवारी तो थोडा लांबत गेला. आईने हट्ट धरला म्हणून अखेर तुम्ही पदवीसाठी अर्ज केलात. पदवीदानाला घालायला काळा कोट शिवला. शिंप्याने माप घेतलं त्यापेक्षा तुम्ही तोवर बारीक झाला होतात. आईने बगलेत टाके घालून तो आवळला, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आवळला.

पदवीदान आठवड्यावर आलं असताना तुम्ही गेलात.

तेराव्याला अध्यक्ष आले. आईने त्यांना विचारलं, "पास होऊन, अर्ज करून माणूस मधेच गेला, तर त्याला काय म्हणायचं?" ते म्हणाले, "मला न्हाई ठाव, वहिनी." मग आईने माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं. तुम्ही तेवढंच शिकवायचं बाकी ठेवलं होतंत.

लोक अजूनही तुमच्या खरेपणाबद्दल सांगतात. मी मान डोलावते. हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या दिवशी फळ्यांना कान लावून मी मनातल्या मनात म्हणत होते, अण्णा, हो म्हणा. आजही मला तेच वाटतं. तुम्ही हो म्हणायला हवं होतंत.