सलग पाच वर्षं

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. संध्याकाळी ६.
नवी वही. संकल्प: रोज एक पान लिहायचं. चिडायचं नाही. चहात साखर नाही.
आज मंडळाची बैठक झाली. बारा वर्षांपूर्वी मी आणि पद्माकरने इथे सिंगापुरात, बिशानच्या कम्युनिटी सेंटरमधल्या एका खोलीत हे रविवार अभ्यासमंडळ काढलं. महिन्याचा पहिला रविवार, एक व्याख्यान, मग चहा. सभासद सतरा. त्यातले सहा गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेले, सगळे आयटीतले. त्यांच्यातल्या अंकुरने आज सूचना मांडली: यापुढे व्याख्यानाला वीस मिनिटांची मर्यादा असावी. मतदान २ नोव्हेंबरला.
२ नोव्हेंबरला व्याख्यान कोणाचं आहे? माझं. 'ब्रिटनचा मतदार: आपल्याच पायावर धोंडा.' स्लाइड्स चोपन्न. वीस मिनिटांत मी हीथ्रोच्या बाहेरही पडत नाही.
चिडलो नाही. साखर घेतली.

सोमवार, ८ सप्टेंबर.
शांतपणे विचार केला. सिंगापुरात बावीस वर्षं झाली, पण मी पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, नागरिक नव्हे, त्यामुळे इथे मत नाही. पासपोर्ट भारताचा, पण मत द्यायला ठाण्याला जायला हवं, आणि तिथल्या यादीत माझं नाव कधीचंच उडालंय. आमची मुलगी अनुया इंग्लंडला जाऊन वर्ष होतंय, तिला तिकडे मत आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला तिथे राहत असेल तर देतात. मला मात्र अख्ख्या जगात मत आहे ते फक्त या मंडळात. तिथेही आता कालची पोरं येऊन माझं तोंड बंद करणार.
सविताला (बायको, आणि मंडळाची जुनी सभासद) हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, वीस मिनिटं खूप झाली की. बावीस वर्षं बँकेत नोकरी करून बायकांची नजर आकड्यांपलीकडे जात नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर. सकाळी.
शेतावर गेलो होतो. (पार्कातला भाड्याचा वाफा. अडीच मीटर बाय एक मीटर. पण जमीन ती जमीन.) वांग्यांना फुलं आली आहेत. मी अनुयाकडे इंग्लंडला होतो तेव्हा पाणी अंकुरच घालायचा, अजूनही घालतो. वुडलँड्सहून येतो बिचारा. मुलगा वाईट नाही. मताच्या बाबतीत अपरिपक्व, इतकंच.
त्याला विचारलं, वीस मिनिटांचं कुठून काढलंस? तो म्हणाला, काका, मागच्या वेळी गार्गीला भोवळ आली. गार्गी त्याची बायको. मागच्या वेळी माझा विषय 'हुजूर पक्षाची घसरण' होता. विषयच तसा गंभीर होता.

रविवार, २१ सप्टेंबर.
अनुयाचा फोन. लिंकनशायरमध्ये भाज्या पॅक करणाऱ्या कंपनीत ती फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे. म्हणाली, कायम राहायचा परवाना पाच वर्षांनी मिळणार होता, आता पाचाची दहा करायचं घाटतंय तिकडे. आधी आलेल्यांनाही लागू होईल म्हणतात.
माझं रक्त उसळलं. माणसं बोलावून घ्यायची, राबवून घ्यायची आणि मग खेळ चालू असताना नियम बदलायचे? ही कुठली लोकशाही? व्याख्यानात एक स्लाइड वाढवली. पंचावन्न.

मंगळवार, २३ सप्टेंबर.
अनुयाच्या परवान्याचे नियम डोळ्यांखालून घातले. माणसं निष्ठुर असतील, पण ड्राफ्टिंग काय करतात. 'सलग वास्तव्य.' कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर सातत्य तुटलं, मोजणी परत पहिल्या दिवसापासून. कुठे फट म्हणून नाही.
एक कल्पना सुचली आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर. दुपारी.
ठराव तयार. 'सिंगापुरात सलग पाच वर्षं वास्तव्य झालेल्या सभासदासच मंडळात मताचा अधिकार राहील. बाकीच्यांचे निरीक्षक म्हणून स्वागत आहे.' खाली सातत्याचं कलम, १८० दिवसांसकट. हा ठराव वीस मिनिटांच्या सूचनेआधी मतदानाला घ्यायचा. गणित सरळ. जुने अकरा, नवे सहा. ठराव पास, सहाही जण मागच्या रांगेत, मग अकरा जुनी माणसं ती सूचना केराच्या टोपलीत टाकतील.
पद्माकरला बुकित पंजांगला फोन केला. ठराव वाचून दाखवला. तो म्हणाला, निशा (मला तो याच नावाने हाक मारतो), हे सगळं नीट वाचलंयस ना? म्हटलं, मी लिहिलंय. तो म्हणाला, मग ठीक आहे. खरा मित्र.

शनिवार, ४ ऑक्टोबर.
अनुयाचा घरमालक, म्हातारा होल्डन, काउंटी कौन्सिलच्या पोटनिवडणुकीला उभा राहिलाय. अपक्ष. मी तिच्याकडे राहिलो होतो तेव्हा त्याला पाहिलंय. सहाशे एकर कोबी आणि फ्लॉवर, आणि वारसा कराविरुद्ध ट्रॅक्टर घेऊन लंडनला जाऊन आलेला. कर वाईट, हे मलाही मान्य. पण पत्रकात दुसरी मागणी काय, तर परदेशी माणसं कमी करा. आणि तिसरी, कोबी काढायला माणसं मिळत नाहीत, सरकारने सोय करावी. कमाल आहे. माणूस नको पण त्याचे हात पाहिजेत.
अनुयाने त्याला तोंडावर विचारलं म्हणे, की मी पण परदेशी ना? तर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा म्हणाला, तुझ्याबद्दल नाही गं म्हणत मी, तू आपली.
संताप. या एका वाक्यात त्या देशाचं सगळं ढोंग आलं. स्लाइड छप्पन्न, मोठ्या टाइपात.
अनुयाला बजावलं की मत मजूर पक्षाला. ती म्हणाली, see how lah, बघू, बाबा. म्हणजे हो.

रविवार, ५ ऑक्टोबर. संध्याकाळी.
बैठकीत ठराव वाटला.  चहाच्या वेळी अंकुर समोर आला तर बघवेना मला त्याच्याकडे. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, तुझ्याबद्दल नाही रे हे, तू आपल्यातलाच. तो हसला. समजूतदार आहे.
सविता ट्रेनमध्ये माझ्याशी बोलली नाही. गर्दी होती.

शनिवार, ११ ऑक्टोबर.
शेतावर. पाणी घातलेलं होतं. ठरावानंतरही येतो, म्हणजे त्याला तत्त्व पटलंय.
पाच वांगी धरली आहेत. २ तारखेला चहाबरोबर स्वतःच्या शेतातल्या वांग्यांचं भरीत-भाकरी द्यायची. शेतकऱ्यावर शेतकऱ्यानेच बोलावं, तर वजन पडतं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.
काल तिकडे मतदान झालं. होल्डन निवडून आला. अकरा मतांनी.
अनुयाला विचारलं, मत कोणाला दिलंस?  ती म्हणाली, बाबा, जानेवारीत तुम्ही इथे असताना हीटिंग बंद पडलं होतं तेव्हा कोण आलं होतं सकाळी सहाला पाना घेऊन? मजूर पक्ष?
पोटची पोरगी. जिला मी मजूर आणि हुजूर यांच्यातला फरक सातवीत समजावला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. ती पुढे असंही म्हणाली की मी निदान त्याच्याशी रोज भांडते, तुम्ही अंकुरशी बोललात का? विषयांतर करायची सवय आईची.
जेवलो नाही. (नंतर थोडा दहीभात.)

शनिवार, २५ ऑक्टोबर.
तालीम. एक तास पन्नास मिनिटं. सविता श्रोता. डोळे मिटून ऐकते, एकाग्रतेसाठी.
पहिल्या स्लाइडवर माझा अधिकार स्पष्ट केला आहे: 'सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५, १७१ दिवस, लिंकनशायरच्या गावात प्रत्यक्ष राहून केलेला अभ्यास.' टीव्हीवर बोलणाऱ्या किती जणांकडे हे आहे?

शनिवार, १ नोव्हेंबर. दुपारी.
वांगी काढली. पाचही. सविताने भाजायला ठेवली. मतांचा अंदाज अकरा-सहा. मन शांत. साखर बंदच आहे, बर्फी सोडून.

रविवार, २ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
 क्रमाने लिहितो.
ठरावावर गुप्त मतदान, चिठ्ठ्या टाकून. नऊ विरुद्ध आठ. पास. पण अकरा जुन्यांतले दोघे फुटले. कोण ते कळेना. सविताकडे पाहिलं तर ती भरिताच्या डब्याचं झाकण पुसत होती. म्हणजे एक कळला.
तरी जिंकलो होतो. अंकुर, गार्गी आणि बाकीचे चौघे उठून मागच्या रांगेत गेले.  गार्गीने जाता जाता माझ्या प्रोजेक्टरची वायर सॉकेटमध्ये नीट बसवली.
मग मी म्हटलं, आता वीस मिनिटांची सूचना मतदानाला घ्या. तेव्हा पद्माकर उठला. पडद्यावर माझी पहिली स्लाइड लागलेलीच होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, १७१ दिवस बाहेर. कलमानुसार चालतं, १८०च्या आत आहे. मी मान डोलावली. मग तो म्हणाला, पण मे महिन्यात पुतण्याच्या लग्नाला पुण्याला किती दिवस होतास?
 मी म्हटलं, आठवत नाही, असेन आठवडाभर. आणि सविता, माझी बायको, एकतीस वर्षांचा संसार, शांतपणे म्हणाली, एकवीस. चार तारखेला गेलात, पंचवीसला आलात.
१७१ अधिक २१. बारा महिन्यांत एकशे ब्याण्णव. सातत्य खंडित. मोजणी पहिल्या दिवसापासून.
मी म्हटलं, अरे, बावीस वर्षं राहतोय मी इथे. हे मंडळ मी काढलं. पद्माकर म्हणाला, निशा, मी तुला विचारलं होतं, नीट वाचलंयस ना. आणि वर म्हणाला, तुझ्याबद्दल नाही रे हे. नियम तो नियम.
आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कोणाला? मी माझा लॅपटॉप घेऊन मागे गेलो. अंकुरने खुर्चीवरची त्याची बॅग उचलून मला जागा केली.
मग दहा पात्र सभासदांनी मतदान केलं. हात वर करून, त्यामुळे या वेळी सगळं दिसलं. दहाच्या दहा जुनी माणसं. ज्यांच्यासाठी मी बारा वर्षं बोललो. सूचनेत पद्माकरने वीसची पंधरा मिनिटं केली. बाजूने दहा, विरुद्ध शून्य. सविताने हात सगळ्यांत आधी वर केला. परक्यांनी नाही, घरच्यांनी मारलं मला.
पंधरा मिनिटांत अकराव्या स्लाइडपर्यंत पोचलो. भरीत मात्र संपलं. सगळ्यांनी दोनदा घेतलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर.
कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.
अनुयाचा मेसेज: बाबा, आईने सांगितलं. Sorry ah. होल्डनने विचारलंय तुम्ही कसे आहात. त्याचा निम्मा कोबी शेतात उभा आहे, काढायला माणसं नाहीत. सुट्टीच्या दिवशी मीच जाणार आहे मदतीला.
उत्तर लिहिलं, पुसलं. मग लिहिलं, हातमोजे घाल.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी.
शेतावर जावं की नाही, तासभर विचार केला. गेलो. अंकुर होताच, झारी घेऊन.  म्हटलं, मी राजीनामा देणार आहे. तो म्हणाला, काका, मत नसलेल्याचा राजीनामा कोण घेणार. तो टोमणा नव्हता, असं वाटतं.
मग आम्ही दोघं बाकावर बसून मोजत बसलो. माझी पाच वर्षं पुण्याहून परत आलो तिथपासून, म्हणजे मे २०३० ला पूर्ण होतील. त्याची मार्च २०२८ ला. माझ्या आधी सव्वादोन वर्षं.
तो म्हणाला, मला मत मिळालं की पहिला ठराव मी मांडतो, ही अट काढून टाकायचा. तुम्ही काळजी करू नका. तोवर पुण्याला एका वेळी दोन-दोन आठवडेच जा.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मत त्याच्याकडे असणार.

त्याच दिवशी, दुपारी.
निर्णय: पुढची वांगी आली की पहिली दोन अंकुरला द्यायची. मोठ्या मनाने. सविताला सांगितलं. ती म्हणाली, त्याची वांगी त्याला देणार, छानच की. मी म्हटलं, त्याची म्हणजे? तर म्हणाली, तुम्ही लावलेली रोपं तुम्ही इंग्लंडला गेलात त्याच आठवड्यात मेली होती. त्याने नवी आणून लावली. तुम्हाला सांगू नका म्हणाला, वाईट वाटेल.