मोकळ्या जागेला तीन हात

३ मार्च, सकाळी ८
आजपासून वही. कॉम्प्युटरवर लिहिणे बंद. सूनबाईने घरबसल्या टायपिंगचे काम घेतले आहे. सोमवारपासून कॉम्प्युटर तिचा. त्यात माझी ‘निरीक्षणे’ नावाची फाइल आहे. एक्केचाळीस पाने, सगळी तिच्यावर. बेसिनमधले केस, सोफ्यावरचा ओला टॉवेल, दारे आपटणे. तिने वाचली तर मला वेळेवर गोळ्या कोण देणार? मुलगा तर स्वतःचा चष्मा विसरतो.
फाइल डिलीट केली. रीसायकल बिनही रिकामे. पाच मिनिटांचे काम. डोके लागते.

दुपारी
खात्री करायला दुरुस्तीवाली बोलावली. तिने आधी की-बोर्ड उलटा करून झटकला. बिस्किटांचा चुरा, नखे, एक मेलेले झुरळ. शी! म्हणते, आजोबा, हे तुमचंच. माझे कसे असेल? मी हात धुऊन बसतो.
वर सांगते, डिलीट केलेली फाइल जात नाही. नाव पुसले जाते, मजकूर मोकळ्या जागेत तसाच पडून राहतो, कोणीही उकरून काढील. म्हणजे हे यंत्र सगळे खरकटे पोटात घेऊन बसले आहे! किळस आली. जेवलो नाही. तीन वाजता थोडे जेवलो.
उपाय : एक प्रोग्रॅम त्या मोकळ्या जागेवर तीनदा काहीबाही लिहितो. भिंतीला रंगाचे तीन हात देतात तसे.

४ मार्च, सकाळी ९
सुरू. एकपर्यंत आटोपेल.

११.३०
स्क्रीनवर सूचना : डिस्क भरली. घाण काढायला ठेवले तर हे भरतच चालले! तत्काळ बंद केले. माझे लक्ष होते म्हणून निभावले.

१२
दुरुस्तीवालीला फोन. म्हणाली, अहो आजोबा, मोकळी जागा भरल्याशिवाय जुनं झाकणार कसं? भिंत ओली झाली म्हणून रंगाची बादली फेकून देता का?
उद्धट बाई. पुन्हा पहिल्यापासून.

५ मार्च
दोन हात झाले. सूनबाई दोनदा डोकावली. काय चाललंय बाबा? म्हटले, व्हायरस. ‘बरं’ म्हणून हसली. तिचे हसणे चिकट असते. मॉनिटरवर बोटाचा तेलकट ठसा ठेवून गेली. रुमालाने पुसला, रुमाल धुवायला टाकला.

६ मार्च
तिसरा हात पूर्ण. दुरुस्तीवालीने तासभर शोधले. एक अक्षर सापडले नाही. ‘निरीक्षणे’ जगातून गेली. अशी खबरदारी मोठमोठे अधिकारीही घेत नसतील.

८ मार्च, सोमवार
कॉम्प्युटर सुपूर्द केला. म्हटले, अगदी कोरा आहे. सूनबाई म्हणाली, अय्या, ‘निरीक्षणे’ पण गेली?
कोणी सांगितले, विचारले. म्हणाली, तुम्हीच. एकेक शब्द मोठ्याने म्हणत टाइप करता. दोन वर्षं स्वयंपाकघरात ऐकतेय. एकदा मला ठसका लागला, तर ‘मुद्दाम खोकते’ हेही लगेच घातलंत.
एवढे बोलून गोळ्या आणि पाणी ठेवून गेली. ग्लासवर पुन्हा तेलकट बोटे.
दोन वर्षे चोरून ऐकणे! किळसवाणे. बरे झाले, वही घेतली. कागद तरी कोणाला काही सांगत नाही.
आतून सूनबाईची हाक आली : बाबा, ‘किळसवाणे’च्या पुढचं पुन्हा म्हणा, मिक्सर चालू होता.