तीन मोजेपर्यंत

२ जानेवारी २०२५, गुरुवार

ठरलं! नट विश्राम तुयेकरांची पहिली पुण्यतिथी आमच्या चोपड्यातच. एकोणीस तारखेला, देवळाच्या मंडपात, मोठा पडदा लावून. त्यांच्या सिनेमांतले प्रसंग दाखवणार, आणि त्यांच्या पत्नी अश्विनीताई मुंबईहून येणार. माझ्या लेकीने, सेजलने, सकाळी ही बातमी दिली तेव्हा मी पावाचा उंडो चहात बुडवायचा तो पाण्याच्या पेल्यात बुडवला. बायको, पद्मावती, म्हणाली, "पिसो जालो हो." झालोच आहे वेडा! या माणसाचा एकेक सिनेमा मी म्हापशाला जाऊन तीन-तीनदा पाहिलाय. वीजखात्यातली निम्मी किरकोळ रजा त्यातच गेली.

५ जानेवारी, रविवार

चाहता मंडळाची सभा, देवळाच्या मंडपातच. चाळीसेक जण. म्होरक्या गौरेश — आमोण्याचा, डिचोलीत फोटो स्टुडिओ. वय तिशीचं, पण तुयेकरांचे संवाद जिभेच्या टोकावर. सगळ्यात चांगला सिनेमा कोणता यावर तासभर भांडण, मग सामोसे.

आणि तो थांबा! तुयेकरांचा थांबा म्हणजे मान डावीकडे कलती, तीन मोजेपर्यंत गप्प, आणि मग वाक्य. पडद्यावर त्याने असं केलं की थेटरात शिट्ट्या. सभेत प्रत्येकाने करून दाखवला. बँकेतल्या संदीपची मान तशीच धरून बसली, शेवटी तेल लावावं लागलं.

मग गौरेश उठला. "ह्या थांब्याचो जल्म हांगाच, ह्याच मंडपात जालो. एक्याऐंशीची जत्रा. त्या नाटकातलो एकच मनीस आतां उरला, आमचे गुरुदासकाका. प्रॉम्प्टर. ते दोन मिनटां उलयतले."

मी बोलणार म्हणून सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मी हसलो. घरी येईपर्यंत हसतच होतो, थांबवता येईना.

९ जानेवारी

बॅनर आला. लाल अक्षरांत 'थांब्याचे जन्मस्थान'. जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

इथे लिहून टाकतो. या वहीत कोणी टाळ्या वाजवत नाही.

विश्राम तेव्हा बावीसचा, चोपड्याला मामाकडे राहायचा. नाटकात सरदार. पाठांतर कच्चं, पण आवाज असा की मागच्या रांगेतले विडी ओढायची विसरायचे. मी एकोणीसचा, डाव्या विंगेत नाटकाची वही घेऊन. जत्रेतलं खाजं घेतलं होतं, गुळात घोळलेलं, पाव किलो. दुसऱ्या अंकापर्यंत निम्मी पुडी फस्त!

तिसऱ्या अंकात राजा भर दरबारात विचारतो, "फितूर कोण?" त्यावर विश्रामचं दीड पानी भाषण. त्याने मान डावीकडे कलती केली — वाक्य दे म्हणून. मी पान उलटतो तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. बोटांचा गूळ! नखाने सोडवतोय, सुटत नाहीत. तो तसाच उभा. एक, दोन, तीन. मंडपात पोरं रडायची थांबली. मग तो एवढंच म्हणाला, "नाव सांगणार नाही," आणि आत निघून गेला.

काय टाळ्या पडल्या! पण फितुराचं नावच न कळल्याने शेवटच्या अंकाला काही अर्थ उरला नाही. नाटक वीस मिनिटं आधी आटोपलं. आमचे दिग्दर्शक बाबुराव मास्तर. त्यांनी विश्रामला सगळ्यांसमोर झाडलं. "पाठांतर ना, आनी नट जाता! परत स्टेजीर दिसू नाका." त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. मी खाज्याची पुडी शर्टाखाली दाबून शेजारीच उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही.

चार दिवसांनी तो मुंबईला गेला. चोपड्याला परत कधी आला नाही. गाव म्हणतं, नट व्हायला गेला. मला ठाऊक आहे, तो कोणामुळे गेला. आणि त्याला बिचाऱ्याला ते कधी कळलंही नाही.

१५ जानेवारी

पद्मावतीला सांगितलं. ती मासळी साफ करत होती. म्हणाली, "मग सांगून उडय. तो गेलो, तूं अजून जित्तो आसा."

सांगून टाक म्हणणं सोपं आहे हिला!

१९ जानेवारी, सकाळ

सावंतवाडीहून एक अख्खी बस येतेय! खुर्च्या कमी पडणार. नवा शर्ट घातलाय.

२० जानेवारी, सोमवार

काल मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर त्याने मान कलती केली की तीनशे माना डावीकडे! माझीही गेली. कोण आजी होती, ती प्रत्येक वेळी मोठ्याने मोजत होती. इतका आनंद मी गेल्या कित्येक जत्रांत पाहिला नाही.

मग माझं नाव पुकारलं. दोन मिनिटांची सात झाली. गूळ, पानं, पुडी, मास्तर — सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "हा थांबा त्याने शोधला नाही. तो माझी वाट बघत होता. आणि माझ्या चुकीची बोलणी त्याने खाल्ली."

कोणी टाळी वाजवली नाही. गौरेश बॅनरकडे बघत राहिला. नंतर मी चहा पुढे केला तर म्हणाला, "नाका काका." सेजल म्हणाली, "बाबा, खरें तें खरें. पूण आजच?"

अश्विनीताई गाडीत बसता बसता मागे फिरल्या. एकच विचारलं, "खाजंच होतं? नक्की?"

होय म्हणालो. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गेल्या. नवऱ्याच्या पुण्यतिथीला मी त्या बाईला रडवलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

मुंबईहून कुरिअर. अश्विनीताईंनी त्याच्या नऊ सिनेमांच्या संहितांच्या झेरॉक्स पाठवल्यात. जिथे जिथे थांबा, तिथे समासात त्याच्या अक्षरात एकच शब्द — खाजं. सोबत चिठ्ठी: "आम्हाला वाटायचं यांना भूक लागते. मी तीस वर्षं सेटवर गोडाचा डबा पाठवत होते."

म्हणजे त्याने विंगेत सगळं बघितलं होतं. आणि मास्तरांना नाव सांगितलं नाही.